किती पाडली ते सोडा, किती उरली ते बोला

गेल्या शनिवारी सकाळी आईचा फोन आला. म्हणजे माझी सकाळ, तिची संध्याकाळ. मी चहाचा कप घेऊन लॅपटॉपसमोर बसलो होतो आणि एका जुन्या अमेरिकन डॉलरचे फोटो झूम करून बघत होतो. आईने हवापाण्याच्या चौकशीत वेळ न घालवता सरळ मुद्द्याला हात घातला.

"अरे, चांदी केवढी चढलीये बघितलंस का? आजीचे अकरा रुपये आहेत ना कपाटात, ते मोडीत घालते म्हणते. छकुलीचं उष्टावण आलंय पुढच्या महिन्यात. वाटी-चमचा होईल त्यात छानपैकी."

छकुली म्हणजे माझी पुतणी, वय महिने पाच. आणि आजीचे रुपये म्हणजे दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात तबकात मांडले जाणारे, चांदीचे, राणीछाप आणि राजाछाप. माझ्या तोंडून एकदम "नको!" निघालं. इतक्या जोरात, की आतून बायको विचारायला आली काय झालं म्हणून.

आई म्हणाली, "का नको?"

आणि मंडळी, गंमत अशी की मला चटकन उत्तरच देता येईना. गेली सहा-सात वर्षं मी एकोणिसाव्या शतकातले अमेरिकन चांदीचे डॉलर जमवतोय, त्यावर ओळखीपाळखीच्या लोकांची डोकी खातोय, आणि आईच्या एका "का"वर माझी बत्ती गुल. म्हणून हा लेख. थोडा लांबणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगतो, कारण त्यात माझी फजिती आहे आणि फजितीपासून सुरू केलं की लोक वाचतात. इथल्या एका रविवारच्या जुन्या बाजारात मला एक ट्रेड डॉलर मिळाला. १८७५ साल, खाली सीसी अशी टांकसाळीची खूण, किंमत साठ डॉलर. ट्रेड डॉलर ही काय भानगड आहे? १८७३ साली अमेरिकेने मुद्दाम चीनच्या व्यापारासाठी काढलेलं नाणं. तिकडे मेक्सिकोचा डॉलर चालायचा, त्याला टक्कर द्यायला याच्यात चांदी जरा जास्त घातलेली. चिनी व्यापारी नाणं हातात आलं की तपासून त्यावर स्वतःचा छोटा शिक्का ठोकायचे. या शिक्क्यांना चॉपमार्क म्हणतात. माझ्या नाण्यावर असे दोन शिक्के होते. मी हवेत! दीडशे वर्षांपूर्वी कुणा व्यापाऱ्याने हे हातात घेतलं असेल, वाजवून बघितलं असेल, वगैरे वगैरे.

घरी आलो. बायकोचा केक करायचा वजनकाटा घेतला. ट्रेड डॉलरचं वजन हवं २७.२२ ग्रॅम. माझ्याचं भरलं २२.८. झीज म्हणावी तर सहाव्या हिश्श्याची झीज झालेल्या नाण्यावर केसांची बट न् बट दिसत होती. म्हणजे नाणं खोटं, त्यावरचे चिनी शिक्केही खोटे. व्यापाऱ्याने वाजवून बघितलं असेल म्हणे! मी मात्र नव्हतं बघितलं. आपल्याकडे भाजीवालीसुद्धा पूर्वी रुपया फरशीवर आपटून घ्यायची, आणि कॉम्प्युटर सायन्सची पदवी घेतलेला माणूस साठ डॉलर देऊन मोकळा. तो डॉलर अजून टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलाय. कोड रिव्ह्यू करताना समोर असलेला बरा.

मग जिद्दीने वाचायला लागलो. आणि प्रत्येक इंजिनियर करतो तेच केलं. एक्सेल शीट बनवली. कुठल्या साली, कुठल्या टांकसाळीत, किती नाणी पाडली. हे आकडे सहज मिळतात, अमेरिकन टांकसाळीच्या नोंदी चांगल्या आहेत. आकडा लहान म्हणजे नाणं दुर्मिळ, म्हणजे किंमत जास्त. सॉर्ट मारायचा, वरच्या ओळी घ्यायच्या. सोपं!

नवीन माणूस हमखास इथे फसतो आणि मीही फसलो.

मॉर्गन डॉलर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १८७८ ते १९०४ आणि मग एकदा १९२१, असे हे डॉलर पाडले गेले. नाव जॉर्ज मॉर्गन या इंग्लंडहून आलेल्या कोरक्याचं. वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी. यात नेवाडातल्या कार्सन सिटीच्या टांकसाळीचे डॉलर, म्हणजे सीसी खुणेचे, सगळ्यांना हवेहवेसे वाटतात. आता दोन आकडे बघा. १८८५ साली तिथे पाडले २,२८,०००. १८८९ साली पाडले ३,५०,०००. माझ्या शीटप्रमाणे १८८५ चा डॉलर जास्त दुर्मिळ. बाजारात मात्र १८८९ चा मिळायला कितीतरी कठीण, आणि न वापरलेला, कोरा हवा असेल तर घर गहाण ठेवायची तयारी हवी. का?

कारण १८८५ चे बहुतेक डॉलर कधी कुणाच्या खिशात गेलेच नाहीत. सरकारी तिजोरीत हजार-हजारच्या पिशव्यांमध्ये पडून राहिले. १९६४ च्या मार्चमध्ये अमेरिकन ट्रेझरीने चांदीचे डॉलर देणं थांबवलं आणि शिल्लक मोजली, तेव्हा कार्सन सिटीच्या जवळपास तीस लाख कोऱ्या डॉलरचा साठा निघाला. १९७२ ते १९८० या काळात सरकारने तो टपालाने विकला. त्यात १८८५ चे जवळजवळ दीड लाख होते. आणि १८८९ चे किती? एक. एक लाख नाही, एक हजार नाही. एक नाणं.

तेव्हा मी शीटमधला तो कॉलम डिलीट केला. तिजोरीतून किती बाहेर पडली, किती वितळली, किती कुणाच्या फडताळात विसरली गेली, यावर सगळं ठरतं. टांकसाळीचा आकडा म्हणजे बारशाची यादी. आज हयात कोण आहे ते त्यातून कळत नाही.

याचं उलट टोकही आहे. १९०३ साली न्यू ऑर्लिन्सला ४४ लाख ५० हजार डॉलर पाडले गेले, पण कोरे नाणे कुणाला मिळतच नव्हते. सगळे वितळले असणार असं लोक धरून चालले होते. भाव गेला दीड हजार डॉलरच्या घरात, तोही १९६२ साली! त्याच वर्षी नाताळच्या आधी लोकांना चांदीचे डॉलर हवे होते म्हणून फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतली एक सीलबंद तिजोरी उघडली गेली. आत याच नाण्याच्या पिशव्याच्या पिशव्या! भाव पुढच्या वर्षापर्यंत तिसेक डॉलरवर. ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून एक डॉलर घेतला होता त्यांचं काय झालं असेल? शेअर बाजारात निदान कंपनीचा ताळेबंद तरी बघता येतो. इथे तिजोरी उघडेपर्यंत सगळेच आंधळे.

आणि १८९५ चं तर आणखी वेगळंच. नोंदीत फिलाडेल्फियाचे साधे डॉलर १२,००० दाखवलेत. आजवर त्यातलं एकही खरं नाणं सापडलेलं नाही. आहेत ती फक्त ८८० प्रूफ, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेली. डेटाबेसमध्ये रो आहे, डिस्कवर फाईल नाही. ऑफिसमध्ये असं झालं की आपण रात्रभर जागतो. इथे सव्वाशे वर्षं लोक वाद घालतायत.

दोन वर्षांपूर्वी लेक टाहोला गेलो होतो तेव्हा लाँग वीकेंडला वेळ काढून कार्सन सिटीला गेलो. बायकोच्या मते तो वेळ "वाया" होता. ती टांकसाळ आता नेवाडा राज्याचं म्युझियम आहे. १८७० साली जिथून पहिलं नाणं निघालं ते एक नंबरचं प्रेस अजून तिथे उभं आहे, आणि त्यावर कधी कधी पदकं पाडून दाखवतात. दणकट, काळंभोर यंत्र. गिरणगावातल्या एखाद्या जुन्या गिरणीत शोभलं असतं. जवळच्या कॉमस्टॉकच्या खाणीत चांदी सापडली १८५९ साली, म्हणून ही टांकसाळ. तिथल्या चांदीवाल्यांनी वॉशिंग्टनमध्ये इतका जोर लावला की १८७८ साली कायदाच झाला: सरकारने दर महिन्याला निदान वीस लाख डॉलरची चांदी विकत घ्यायचीच आणि तिची नाणी पाडायचीच. लोकांना ती जड नाणी नको होती. तरी पाडली. एकूण सुमारे ६५ कोटी ७० लाख मॉर्गन डॉलर! आपल्याकडे ऊसवाल्यांचं राजकारण कसं चालतं ते माहीत असलेल्याला हे समजावून सांगायला नको.

आता माझं मत, ज्यावरून माझी बऱ्याच जणांशी वादावादी झाली आहे. सध्या या छंदात सगळा पैसा "ग्रेड"मागे धावतोय. १ ते ७० अशी एक पट्टी आहे. ती काढली विल्यम शेल्डन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने, १९४९ साली, आणि तीही जुन्या तांब्याच्या सेंटसाठी. कल्पना अशी की सत्तर नंबरच्या नाण्याची किंमत एक नंबरच्या सत्तरपट. किमतीचं ते गणित केव्हाच मोडलं, पण पट्टी राहिली. (याच शेल्डनने अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट उचलून त्याजागी हलके ठेवल्याचं त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं, कोर्टकचेऱ्या झाल्या. पट्टी बनवणारा माणूस स्वतः किती ग्रेडचा होता बघा!) १९८६-८७ पासून नाणं तपासून, ग्रेड देऊन, प्लास्टिकच्या डबीत सील करणाऱ्या कंपन्या आल्या. त्या डबीला स्लॅब म्हणतात. आज ६६ आणि ६७ या दोन ग्रेडमध्ये, म्हणजे भिंगाखालीही मला दिसत नाही अशा फरकासाठी, लोक दुप्पट-चौपट पैसे मोजतात. दहावीच्या टक्क्यांसारखं झालंय.

उदाहरण देतो. सॅन फ्रान्सिस्कोचा १८८१ चा डॉलर. पाडले १ कोटी २७ लाख, आणि देखणे कोरे नमुने ढिगाने मिळतात. या नाण्याला "दुर्मिळ" म्हणून विकतात, का तर ६८ ग्रेडची थोडी आहेत म्हणे. अहो, नाणं दुर्मिळ नाही, डबीवरचं लेबल दुर्मिळ आहे! त्याउलट १८८९ चा कार्सन सिटीचा डॉलर, झिजून गुळगुळीत झालेला, लिबर्टीच्या केसांच्या लाटा गेलेल्या, गरुडाची छाती सपाट झालेली, पण साल आणि सीसी स्पष्ट. तो तितक्याच पैशात घ्यावा असं माझं म्हणणं आहे. तो डॉलर कुणाच्या तरी मजुरीचा होता. दारूच्या गुत्त्यात, वाण्याच्या गल्ल्यात फिरला. आणि तीन-चार वेळा वितळण्यातून वाचला.

यावर लोक म्हणतात, झिजलेलं नाणं विकताना गिऱ्हाईक मिळत नाही. खरंय. थोडीफार. पण विकण्यासाठीच घ्यायचं असेल तर म्युच्युअल फंडात एसआयपी करा की! रोज उठून डबीकडे बघायचे कष्ट तरी वाचतील.

एका बाबतीत मात्र मी माझंच तत्त्व मोडतो. १८९३ चा सॅन फ्रान्सिस्कोचा डॉलर. फक्त एक लाख पाडले, मॉर्गनमधला सगळ्यात कमी पाडलेला साधा डॉलर. आणि उरले त्याहून खूपच कमी. तो स्लॅबशिवाय घेऊ नका. कितीही झिजलेला असो, विकणारा कितीही सज्जन दिसो. कारण त्याच सालचा साधा डॉलर घेऊन त्यावर एस चिकटवायचा उद्योग शंभर वर्षं चालू आहे. खरं ओळखायची युक्ती मात्र फार सुंदर आहे. हे सगळे एक लाख डॉलर छाप्याच्या बाजूला एकाच ठशाने मारले गेले. त्यामुळे त्या ठशातला प्रत्येक दोष प्रत्येक नाण्यावर आहे. लिबर्टी या शब्दातल्या टीच्या माथ्यावर एक बारीक तिरकी रेघ हवी. सालातल्या १ चा आकडा कडेच्या एका दात्याच्या बरोबर मधोमध वर हवा. एस कितीही बेमालूम चिकटवा, ही रेघ नसेल तर नाणं खोटं. चेकसम म्हणतात तो हाच. आणि तो कुणी ठरवून दिलेला नाही, कारागिराच्या हातून राहून गेलेली चूक आहे. मला हे वाचलं त्या रात्री आनंदाने झोप आली नव्हती. (नाणं माझ्याकडे नाही. इतका पगारही नाही.)

आता या सगळ्याचा आजीच्या रुपयांशी काय संबंध? इथेच तर सगळी मजा आहे, आणि ही गोष्ट मला कळली तेव्हा मी खुर्चीतून उठून घरभर फिरलो होतो.

१९१८ साल. पहिलं महायुद्ध चालू आहे. इंग्रज सरकार हिंदुस्थानातून धान्य, ताग, कापड, काय काय उचलतंय आणि त्याचे पैसे रुपयांत चुकते करतंय. कागदी नोटा छापल्या, पण नोटेवर वचन होतं की मागाल तेव्हा चांदीचा रुपया देऊ. लोकांना नोटेचा भरवसा नव्हता, आणि का असावा? युद्धाच्या बातम्या वाईट येऊ लागल्या तसे लोक नोटा घेऊन रुपये मागायला रांगा लावू लागले. सरकारकडची चांदी संपत आली. रुपया देता आला नसता तर सगळ्या देशात हाहाकार उडाला असता. चांदी आणायची कुठून? जगात एकच मोठा ढीग शिल्लक होता: अमेरिकन तिजोरीत पिशव्यांमध्ये पडलेले मॉर्गन डॉलर, जे कुणालाच नको होते.

२३ एप्रिल १९१८ ला अमेरिकेत पिटमन कायदा झाला. सिनेटर पिटमन नेवाडाचे, म्हणजे पुन्हा चांदीवालेच. या कायद्याखाली २७,०२,३२,७२२ डॉलर वितळवले गेले. सत्तावीस कोटी! पाडलेल्या एकूण मॉर्गनपैकी दहातले चार. त्यातल्या २५ कोटी ९१ लाख डॉलरची चांदी ब्रिटनला विकली गेली, हिंदुस्थानसाठी, औंसाला एक डॉलर भावाने. ती जहाजांतून इकडे आली आणि मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळींत तिचे रुपये झाले. मुंबईची टांकसाळ म्हणजे फोर्टातली, एशियाटिकच्या पायऱ्यांच्या जवळची. कॉलेजात असताना त्या इमारतीवरून शंभरदा गेलो असेन, एकदाही मान वळवून बघितलं नाही.

हिशेबाची गंमत बघा. एका डॉलरमध्ये शुद्ध चांदी ३७१.२५ ग्रेन. रुपयात १६५ ग्रेन. भागाकार करा: २.२५. एका डॉलरचे बरोबर सव्वादोन रुपये. इतकं स्वच्छ उत्तर आलं की मी कॅल्क्युलेटर दोनदा तपासला.

आणि आता मुख्य गोष्ट. ते सत्तावीस कोटी डॉलर वितळवताना कुठल्या सालचे, कुठल्या टांकसाळीचे किती गेले, याची नोंद कुणी ठेवली नाही. पिशव्या मोजल्या, वजन केलं, मुशीत टाकलं. आज एखादं साल दुर्मिळ का आणि दुसरं ढिगाने का, याचं अर्धं उत्तर त्या वेळी जळालं. १८८९ च्या कार्सन सिटीवाल्या साडेतीन लाखांचं काय झालं? १८९३ च्या सॅन फ्रान्सिस्कोवाल्या एक लाखाचं? अंदाज करायचे. सगळा छंद, सगळी किंमत, लिलावातल्या सगळ्या बोल्या त्या न ठेवलेल्या लॉगवर उभ्या आहेत. मी ऑफिसात ज्युनियर पोरांना कानीकपाळी ओरडून सांगतो, डिलीट करायचं तर करा, पण काय डिलीट केलं ते लिहून ठेवा रे.

म्हणजे मी इथे एडिसनमध्ये बसून जे नाणं मिळत नाही म्हणून हळहळतो, ते कदाचित आमच्याच घरच्या कपाटात आहे. रुपया होऊन. पुरावा नाही, मिळणारही नाही, चांदी काही बोलत नाही. पण कोट्यवधी रुपये त्या काळात पडले आणि घराघरांत जाऊन बसले, हे तर खरं.

हे सगळं मी आईला फोनवर सांगितलं. अर्थात इतकं पद्धतशीर नाही. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे हे आधीच एकदा वितळलेलंच आहे ना? मग परत वितळवलं तर काय बिघडतं?"

काय बोलणार!

मी म्हटलं, आई, ऑक्टोबर २०२५ मध्ये चांदी औंसाला पन्नास डॉलरच्या वर गेली. १९८० ला आणि २०११ ला जिथून परत फिरली होती तो आकडा ओलांडला. इथे काय चाललंय माहितीये? साधे झिजलेले डॉलर लोक वजनावर विकतायत. दुकानदार साल न बघता बादलीत टाकतो. १९८० मध्ये हेच झालं होतं, ढिगाने नाणी मुशीत गेली. १९१८ चंच पुन्हा. पन्नास वर्षांनी माझ्यासारखा कुणी तरी डोकं धरून बसेल.

"मग बसू दे," आई म्हणाली. "छकुली काय पन्नास वर्षांनी जेवणार आहे?"

मी पैसे पाठवतो म्हटलं, नवीन वाटी घे. तिथे मात्र ती दुखावली. "पैशाचा प्रश्न आहे का? तुझ्या आजीने हे साठवले. अडीअडचणीला, पोराबाळांना. तिच्या चांदीची वाटी पोरीच्या तोंडाला लागावी एवढंच. तबकात ठेवून कुणाचं पोट भरलं? आणि तू रे, तिकडे परक्यांची झिजलेली नाणी विकत घेतोस, ती बरी?"

हे मात्र लागलं. कारण ते खरं आहे. तो कार्सन सिटीचा मजूर, ज्याच्या खिशात झिजलेल्या डॉलरवर मी इतका भावुक होतो, त्याच्या बायकोने तो डॉलर मोडून पोराला चमचा केला असता तर मी तिला चूक म्हटलं असतं का? आजीने ते रुपये संग्रह म्हणून ठेवलेच नव्हते. ते तिचे फिक्स्ड डिपॉझिट होतं. आणि बाजारभावाने बघितलं तर १९१८ चा राजाछाप रुपया मुळीच दुर्मिळ नाही, चांदीच्या भावापेक्षा त्याला फारसं काही मिळत नाही. शिवाय आईने गेली चाळीस वर्षं दर दिवाळीत ते रांगोळीने घासून लख्ख केलेत. इथला कुठलाही डीलर ते बघून किंचाळला असता. नाणं कधीही घासू नये, हा या छंदातला पहिला नियम. पण लक्ष्मी काळवंडलेली चालत नाही, हा आमच्या घरातला त्याहून जुना नियम.

तरी माझा विरोध पुरता मावळला नाही. वाटी कुणीही सराफ करून देईल, त्यावर साल नसतं. रुपया हातात घेतला की १९१८ दिसतं, राजाचं तोंड दिसतं, आणि मग कुणी तरी "हे कुठून आलं" असं विचारतं. वाटीला कुणी विचारत नाही. छकुलीने मोठं झाल्यावर हे विचारावं असं मला वाटतं. आईला वाटतं तिने पोटभर खावं. दोन्ही बरोबर असेल, पण चांदी एकच आहे.

बरीच घासाघीस झाली. शेवटी मी म्हटलं, ठीक आहे, पण एक कर. मोडीत घालण्याआधी प्रत्येकाची नोंद कर. साल लिही, दोन्ही बाजूंचे फोटो काढ. १९४० किंवा नंतरचा असेल तर त्यात चांदी निम्मीच, सराफाला तेही सांग नाहीतर घट धरताना गोंधळ होईल. आणि टांकसाळीची खूण बघ. मुंबईचा असेल तर मागच्या बाजूला अगदी खाली, कमळाच्या फुलाखाली एक बारीक ठिपका असतो. कलकत्त्याच्या रुपयावर नसतो.

तिने व्हिडिओ चालू केला. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवला, चष्मा पुसला, बाबांचं भिंग आणलं आणि पेन घेऊन बसली. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर एक ते अकरा आकडे टाकले. दोन राणीछाप निघाले, ते मोडायचे नाहीत असं तिनेच जाहीर केलं, राणी म्हणजे जुनी म्हणून. मग राजे. १९१३. १९१६. १९०७ चा एक, एडवर्डचा, डोक्यावर मुकुट नसलेला, तो बघून ती म्हणाली हा कोण टकला. मी गप्प बसून लिहून घेत होतो. सातव्या नंबरला थांबली.

"एकोणीसशे अठरा," म्हणाली. "थांब, उलटा करते." भिंग जवळ नेलं, लांब नेलं, दिव्याखाली धरलं. "कमळ आहे. त्याच्याखाली... अरे, हा घासून गेलाय की ठिपका आहे, काही समजत नाहीये. तूच बघ."

आणि तिने रुपया कॅमेऱ्याच्या इतका जवळ आणला की स्क्रीनवर नुसता पांढरा उजेड दिसायला लागला.